हात हलला, पण गेला कुठे?

गणपती जवळ आले की पुण्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. माझी भाची अशाच एका पथकात ढोल वाजवते. एका संध्याकाळी मी जुना मोबाइल तिच्या टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, धरलेल्या हाताला रुमालाने बांधला आणि आतल्या सेन्सरचा आलेख दाखवणारं ॲप सुरू केलं. प्रत्येक ठोक्याला आलेखात सुळका उठत होता. जोरकस ठोक्यांचे सुळके तर वर सपाट कापलेले, म्हणजे सेन्सरची मोजायची मर्यादाच संपलेली!

हाताच्या खुणांनी आभासी जग चालवणाऱ्या मनगटी पट्ट्यांत हेच सेन्सर असतात: वेगातला बदल, म्हणजे त्वरण, मोजणारा त्वरणमापी आणि वळणं मोजणारा जायरोस्कोप. त्वरणमापीत सिलिकॉनमध्येच कोरलेल्या, केसाहून बारीक स्प्रिंगांवर एक वजन टांगलेलं असतं. बस गचकन थांबली की उभी माणसं पुढे जातात, तसं ते सरकतं आणि शेजारच्या सूक्ष्म पात्यांची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते. जायरोस्कोपमधलं वजन सतत थरथरत असतं. मनगट वळलं की कोरिऑलिस बल (वळणाऱ्या वस्तूत हलणाऱ्या गोष्टीला जाणवणारं बल) त्याला आडवं ढकलतं, त्यावरून वळण्याचा वेग कळतो.

एवढं कळूनही हात नेमका कुठे आहे, ते या जोडीला सांगता येत नाही. खरं तर गणित सोपं आहे: त्वरणाची बेरीज करत गेलं की वेग, वेगाची करत गेलं की अंतर. पण त्वरणमापी टेबलावर निवांत पडलेला असतानाही गुरुत्वाकर्षणापायी ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग दाखवतो. ते वजा करायला 'खाली' कुठे हे अचूक माहीत हवं. हा अंदाज अवघा १ अंश चुकला तरी ०.१७ एवढं खोटं त्वरण उरतं, आणि १० सेकंदांत जागचा न हललेला हात साडेआठ मीटर दूर गेल्याचं दिसतं. म्हणजे भाची ढोलासकट रांगेबाहेर.

म्हणून जोडीला कॅमेरा लागतो. २००६ च्या निन्टेन्डो वी या गेमयंत्राच्या रिमोटमध्ये त्वरणमापीसोबत इन्फ्रारेड कॅमेरा होता. २०१९ च्या ऑक्युलस क्वेस्ट या आभासी जग दाखवणाऱ्या हेडसेटवरचे कॅमेरे हातातल्या कंट्रोलरवरचे अदृश्य दिवे बघतात. कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमधली फट सेन्सर भरून काढतात. नुसती खूण ओळखायची असेल, तर जागेची गरजही नसते. आलेखाचा आकार जुळला की झालं.

"मग मामा, पट्टा बांधून घरी हवेत सराव करता येईल?" भाचीने विचारलं. लगेच करून पाहिलं. सुळका गायब, नुसतं टेकाड! सुळका उठतो तो टिपरू ढोलाच्या पानावर आदळून थांबतं म्हणून. हवेत हाताला स्नायू थांबवतात, सावकाश. आता या टेकाडावर ठोका कुठे धरायचा? माथ्यावर म्हणावं, तर माथा आला हे उतार लागल्यावरच कळतं. तोवर ताशा पुढे गेलेला असतो.