आत्मिक विवेक

एखादा विचार, शिकवण, ओढ किंवा निर्णय देवाच्या इच्छेला धरून आहे की नाही हे पारखण्याच्या क्षमतेला ख्रिस्ती जीवनात आत्मिक विवेक म्हणतात. उघड वाईट ओळखणे फारसे अवघड नसते. कस लागतो तो चांगल्यासारखे दिसणारे आणि खरोखर चांगले यांत निवड करताना.

बायबलमधील राजा शलमोनाने देवाजवळ धन किंवा दीर्घायुष्य न मागता बरेवाईट ओळखणारे मन मागितले (१ राजे ३:९). फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांची प्रीती ज्ञानाने आणि विवेकाने वाढत जावी, अशी प्रेषित पौलाची प्रार्थना आहे (फिलिप्पै १:९-१०). प्रीती वजा केली तर पारख म्हणजे नुसती दोष काढण्याची खोड उरते, म्हणून हा क्रम फार मोलाचा आहे. ‘आत्मे ओळखणे’ हे काहींना मिळणारे कृपादान, म्हणजे पवित्र आत्म्याची खास देणगी, म्हणून सांगितले आहे (१ करिंथ १२:१०). पण इब्री ५:१४ प्रमाणे बऱ्यावाइटाची जाण सरावाने तयार होते, आणि तो सराव प्रत्येक विश्वासणाऱ्याने करायचा असतो.

परंपरांचा भर वेगवेगळा आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्या प्रत्येक गोष्ट बायबलच्या वचनाशी ताडून पाहण्यावर भर देतात, पेंटेकॉस्टल मंडळ्या कृपादानालाही मोठे स्थान देतात, तर ऑर्थोडॉक्स परंपरेत अनुभवी आत्मिक पित्याचा सल्ला महत्त्वाचा मानतात. पाचव्या शतकात जॉन कॅसियन या ख्रिस्ती संन्यासी लेखकाने विवेकाला सर्व सद्गुणांची जननी म्हटले. त्याने सांगितलेली हेरोन नावाच्या वृद्ध संन्याशाची हकिकत चटका लावते. पन्नास वर्षे अरण्यात कडक तप केलेल्या या माणसाने सैतानालाच देवदूत समजून, आपल्याला काही होणार नाही या भरवशावर खोल विहिरीत उडी घेतली. तो इतका एकांतनिष्ठ होता, की पुनरुत्थानाच्या सणालाही बंधुजनांबरोबर जेवायला बसत नसे. एकट्याच्या पारखेवर विसंबू नये, हा कॅसियनचा सांगावा आजही तितकाच लागू आहे.

कॅथलिक परंपरेत लोयोलाच्या संत इग्नेशियसने (१४९१–१५५६) या विषयाला रीतसर मांडणी दिली. १५२१ मध्ये पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो कधी शौर्याची स्वप्ने रंगवी, तर कधी ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र वाचून त्यांच्यासारखे जगण्याचा विचार करी. दोन्हींत मन रमे. मात्र पहिल्या विचारानंतर ते कोरडे आणि अस्वस्थ होई, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राही. हा मागे उरणारा परिणाम पाहण्यातून त्याचे नियम घडले; ते ‘आत्मिक साधना’ या १५४८ मध्ये छापलेल्या ग्रंथात आहेत. मन उदास असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये, हा त्यांतला एक अतिशय उपयोगी नियम.

मुलांना हा विवेक शिकवण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण शमुवेलाचे आहे (१ शमुवेल ३). रात्री हाक ऐकून तो मुलगा तीनदा वृद्ध याजक एलीकडे धावत गेला. हाक कोणाची हे ओळखल्यावर एलीने अर्थ लावून दिला नाही. पुन्हा जाऊन नीज आणि हाक आली तर ‘परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे’ असे म्हण, एवढेच सांगितले. ऐकण्याचे काम मुलाकडेच राहिले. सकाळी जे कळले ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होते. तरीही त्याने काही लपवू नकोस असे बजावून सगळे ऐकून घेतले आणि मान्य केले.

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकात (६:७) घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता मुलांशी देवाच्या आज्ञांविषयी बोलत राहायला सांगितले आहे. शिकवणी अशीच रोजच्या बोलण्यातून होते. समजा, वर्गातल्या एकाची टिंगल करणारा व्हिडिओ मित्रांबरोबर पाहून मूल घरी आले. ‘हे पाप आहे’ म्हणून विषय तिथेच बंद करता येतो. त्यापेक्षा ‘पाहताना कसे वाटले? आणि नंतर? तो मुलगा शेजारी बसला असता तर? येशू तिथे कोणाजवळ उभा राहिला असता?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत दिवसाची उजळणी करणे हाही चांगला सराव आहे. आईवडिलांनी स्वतः वचन उघडून, प्रार्थना करून एखादा निर्णय कसा घेतला, हेही मुलांच्या नजरेस पडावे. लहान मुलांना निवडी लहानच द्याव्यात. वय वाढेल तशी मोकळीक वाढवावी.

भीती घालून मात्र विवेक येत नाही. जिकडेतिकडे सैतान दाखवला की मूल पारखायला न शिकता फक्त दचकायला शिकते. मनात आलेली प्रत्येक भावना म्हणजे देवाचा आवाज नव्हे, हेही सांगावे लागते. ‘देवाने मला सांगितले’ असे म्हणून मोठ्यांनी मुलांकडून आज्ञापालन करून घेणे तर फारच घातक आहे. बिरुया शहरातले लोक खुद्द पौलाचे बोलणेही दररोज शास्त्रात तपासून पाहत होते, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांची वाखाणणी केली आहे. तेव्हा पाळक असो, शिक्षक असो वा नातेवाईक, देवाचे नाव घेऊन कोणी एखादी गोष्ट गुप्त ठेवायला सांगितली, तर ती लगेच घरी सांगायची, हे मुलांना अगदी लहानपणापासून ठाऊक असले पाहिजे.