क्रिमिनल जस्टिसची पदवी म्हणजे थेट खाकी वर्दी?

‘क्रिमिनल जस्टिसची पदवी घेतली की थेट पोलिसात, नाहीतर वकिलीत’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. नावावरून तसं वाटणं साहजिकच. पण पोलिसभरतीची निवड आणि प्रशिक्षण वेगळं असतं. वकिलीला कायद्याची स्वतंत्र पात्रता लागते.

मग शिकवतात काय? गुन्हा का घडतो, शिक्षेने तो खरंच कमी होतो का, सुटून आलेल्या कैद्याला घर-काम मिळालं नाही तर पुढे काय, पीडिताची बाजू कोण ऐकतं. शिवाय आकडेवारी (इथे बरेच जण दचकतात). यातून प्रोबेशन (गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवणं), पुनर्वसन, पीडित-साहाय्य अशा वाटाही निघतात.

खात्री करायचीय? जाहिरात बाजूला ठेवून अभ्यासक्रमाची विषययादी उघडा. मग हव्या त्या नोकरीच्या भरती-नियमांत पात्रता वाचा: तिथे याच पदवीचं नाव आहे, की नुसतं ‘कोणतीही पदवी’?