ऑफिसच्या कॉम्प्युटरचा लॉगिन पासवर्ड: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते, सेटिंग कुठे

पगारबिलाचा शेवटचा दिवस. बिल करणारा लिपिक रजेवर. कोणीतरी त्याला फोन लावतं, "पासवर्ड सांगा हो, दोनच मिनिटांचं काम आहे." तो सांगतो, बिल जातं, आणि तेव्हापासून त्या लॉगिनमधून कोणीही काहीही केलं तरी नोंद त्याच्याच नावावर होते. संगणक कक्षाला दिलेल्या एका अर्जाने हे टळतं. खालची माहिती विंडोज 10 आणि 11 असलेल्या कॉम्प्युटरसाठी आहे.

अर्ज कोणाला करता येतो

ज्याला त्या कॉम्प्युटरवर काम नेमून दिलं आहे त्याला, मग तो कायम असो, कंत्राटी असो की प्रशिक्षणार्थी. कंत्राटी माणसाच्या अर्जात कराराची शेवटची तारीख लिहा, म्हणजे लॉगिनचं खातं त्याच दिवशी आपोआप बंद पडेल असं लावता येतं. अर्ज फक्त स्वतःच्या खात्यासाठी असतो. रजेवरच्या सहकाऱ्याचं काम उरकायचं असेल तर त्याचा पासवर्ड मागू नका. त्याच्या कामाच्या फोल्डरची तात्पुरती परवानगी मागा. कार्यालयप्रमुखांची सही झाली की संगणक कक्ष ते फोल्डर तुमच्या लॉगिनला उघडून देतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने किंवा अप्रामाणिक हेतूने वापरल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मदत करणाऱ्याचा हेतू तसा नसतो, हे खरं. पण पुढे आकड्यांत घोळ निघाला तर खुलासे दोघांनाही द्यावे लागतात.

कागद

छापील नमुना असेल तर तो भरा, नसेल तर साध्या कागदावर अर्ज चालतो. नवीन खात्यासाठी रुजू अहवालाची प्रत, ओळखपत्राची प्रत आणि विभागप्रमुखांची शिफारस सहसा पुरते. पासवर्ड विसरला असेल तर ओळखपत्र घेऊन स्वतः जा. फोनवर आलेल्या विनंतीवर संगणक कक्षाने पासवर्ड बदलूच नये, कारण आवाजावरून माणूस ओळखता येत नाही. अर्जात कॉम्प्युटरवर चिकटवलेला साठा नोंदवहीचा क्रमांक लिहा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पासवर्ड मात्र अर्जात कधीही लिहू नका.

बदलणं वेगळं, रीसेट वेगळं

इथे लोकांचं खरं नुकसान होतं. जुना पासवर्ड आठवत असेल तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून तुम्हीच बदला. सगळं जागच्या जागी राहतं. सर्व्हरला न जोडलेल्या कॉम्प्युटरवर ॲडमिनने (म्हणजे सगळ्या सेटिंग बदलण्याचा अधिकार असलेल्या माणसाने) जुना पासवर्ड न देता नवा लावला, म्हणजेच रीसेट केला, तर विंडोजने एनक्रिप्ट केलेल्या (सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेल्या) फाइली आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हाताबाहेर जाऊ शकतात. म्हणून रीसेटच्या अर्जावर सही करण्याआधी अशा फाइली आहेत का, हे विचारून घ्या.

ॲडमिनने कुठे काय लावायचं

स्टार्टमध्ये 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' शोधा, मग 'अकाउंट पॉलिसीज'मध्ये 'पासवर्ड पॉलिसी' उघडा. विंडोजच्या होम आवृत्तीत ही खिडकी नसते, प्रो आवृत्तीत असते. कॉम्प्युटर डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरला, जोडलेला असेल तर पासवर्डचे नियम सर्व्हरवरून येतात, इथे हात लावून उपयोग नाही. किमान लांबी 12 ठेवा, असं माझं मत. पासवर्ड बदलण्याच्या मुदतीबाबत दोन मतं आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जून 2022 मध्ये आलेल्या सायबर सुरक्षा सूचनांत किमान 8 अक्षरं आणि 45 दिवसांत बदल असं सांगितलं आहे. मायक्रोसॉफ्टने मात्र ठरावीक मुदतीने बदलण्याची शिफारस 2019 मध्ये मागे घेतली, कारण लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. सरकारी आदेश लागू असेल तर तो पाळा. खासगी ऑफिसात लांब पासवर्ड ठेवा आणि तो फुटल्याची शंका येताच बदला.

शेजारीच 'अकाउंट लॉकआउट पॉलिसी' आहे. 10 चुकीच्या प्रयत्नांनंतर 10 मिनिटं कुलूप, एवढं पुरेसं आहे. 'लोकल पॉलिसीज'मधल्या 'सिक्युरिटी ऑप्शन्स'मध्ये 'मशीन इनॲक्टिव्हिटी लिमिट' 600 सेकंद केलं की जागेवरून उठलेल्या माणसाचा स्क्रीन 10 मिनिटांत लॉक होतो. चहाला जाताना विंडोज आणि एल ही बटणं दाबायची सवय त्याहून बरी. रोजच्या कामाला कोणालाही ॲडमिन खातं देऊ नका, साहेबांनाही नाही.

बदली किंवा निवृत्ती

कार्यमुक्तीच्या आदेशाची एक प्रत त्याच दिवशी संगणक कक्षाला द्या. खातं आधी नुसतं बंद करायचं, पुसायचं नाही. पुसल्यावर त्याच नावाने पुन्हा काढलेलं खातं विंडोजच्या लेखी नवाच माणूस असतो, आणि जुन्या फोल्डरांची परवानगी त्याला आपोआप मिळत नाही. फाइलींचा ताबा घेतल्याची नोंद कार्यभार यादीत झाली, की मगच ते काढून टाकायचं.