बेशर टायपॉलॉजी

बेर्न्ड बेशर (१९३१–२००७) आणि हिला बेशर (१९३४–२०१५) या जर्मन दांपत्याने रुजवलेली छायाचित्रणाची पद्धत. टायपॉलॉजी म्हणजे प्रकारवार मांडणी. जलमनोरे, गॅसटाक्या, झोतभट्ट्या, खाणीच्या तोंडावरचे पाळण्याचे (माणसे-माल वर-खाली नेणाऱ्या लिफ्टचे) मनोरे अशा एकाच कामासाठी बांधलेल्या वास्तू एकाच शिस्तीने टिपायच्या आणि नऊ, बारा किंवा पंधरा छायाचित्रे ओळींत मांडायची. सुटे छायाचित्र म्हणजे नोंद. कलाकृती म्हणजे मांडणी.

सुरुवात १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या सीगेन परिसरात झाली. खाणी आणि पोलादाचे कारखाने बंद पडू लागले होते, त्यामुळे घाई होती. चित्रांत मात्र तिचा मागमूस नाही.

आकाश ढगाळ, एकसारखे पांढुरके हवे. ऊन पडले की सावल्या दिवसाची वेळ सांगू लागतात आणि तो मनोरा संचातल्या इतरांशी जुळत नाही. कॅमेरा भात्याचा, निगेटिव्ह १३ × १८ सेंमी. कॅमेरा वर झुकवायचा नाही. झुकवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे कलतात. त्याऐवजी तो सरळ ठेवून लेन्स बसवलेली पुढची पाटी वर सरकवायची. समजा मनोरा ४० मीटर उंच, अंतर ८० मीटर, लेन्स ३०० मिमी. निगेटिव्हवर मनोरा १५ सेंमीचा येतो. जमिनीपासून दीड मीटरवरून तो मधोमध आणायला पाटी सुमारे ७ सेंमी उचलावी लागते. इतके लेन्सला झेपले नाही तर चित्राचे वरचे कोपरे काळे पडतात. म्हणून शिडी, परांची, समोरची गच्ची: १० मीटर उंचीवरून हेच काम पावणेचार सेंमीत भागते.

लेन्सच्या बारीक छिद्रामुळे एक्स्पोजर कित्येक सेकंदांचे होते. वाफ पुसट होते, वाऱ्याने झाडे फेसाळतात. म्हणून पानगळीनंतरचे दिवस सोयीचे. मंद प्रकाशातली निगेटिव्ह सपाट येते, तेव्हा डेव्हलपिंग थोडे वाढवायचे. प्रिंट करताना लहानमोठे मनोरे एकाच मापाचे दिसतील असे मोठे करतात. खरी उंची हरवते, ती मुद्दामच. त्यानंतरच नजर पायांच्या आडव्या-तिरप्या पट्ट्यांवर, टाकीच्या बुडाच्या गोलाईवर, जिना कुठून वळला यावर जाते.

‘तटस्थ’ हे विशेषण या चित्रांना सर्रास लावले जाते. एवढ्या खटाटोपाने आणलेल्या तटस्थतेला तटस्थ म्हणणे जरा भाबडेपणाचेच. संकल्पनाप्रधान कलेने त्यांना आपले मानले ते यासाठी: नियम आधी ठरतो, चित्र नंतर येते. १९९० च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांना पारितोषिक मिळाले तेही शिल्पकलेचे.

१९७५ च्या अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ‘न्यू टोपोग्राफिक्स’ या छायाचित्र-प्रदर्शनात बेशर दांपत्याखेरीज बाकी सारे अमेरिकी होते. तिथे लुइस बाल्ट्झने कॅलिफोर्नियातल्या नव्या औद्योगिक वसाहतींच्या कोऱ्या भिंती मांडल्या, तर जो डीलने उंचावरून, क्षितिज वगळून, वाळवंटात पसरणारी घरे. बेर्न्ड १९७६ पासून ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवू लागले. आंद्रेआस गुर्स्की, थोमास श्ट्रूट, कान्डिडा ह्योफर हे तिथले विद्यार्थी. पुढे ते रंगीत, भल्यामोठ्या प्रिंटकडे वळले. गुरूंचे काम अखेरपर्यंत कृष्णधवलच राहिले.