खणात ठेवलेला फ्रिज आणि खणात बसणारा फ्रिज

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, नव्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन केलं की फ्रिज कपाटांच्या रांगेत जातो आणि घरचे त्याला बिल्ट-इन म्हणू लागतात. खरं तर बहुतेक ठिकाणी तो साधाच फ्रिज असतो, फक्त भोवती प्लायवूड आलेलं. खऱ्या बिल्ट-इनचं दार बाहेरून दिसतच नाही. दिसतो तो कपाटाचा पल्ला. नवा घेण्याआधी आपल्याकडे यातलं काय आहे ते ठरवा, लिटर नंतर.

मुख्य फरक उष्णतेच्या वाटेचा. हल्लीच्या साध्या फ्रिजमध्ये गरम नळ्या बहुधा बाजूच्या पत्र्याआड असतात. कॉम्प्रेसर चालू असताना हात लावून बघा, चटका नाही पण ऊब लागते. म्हणून त्याला बाजूंनी, मागे आणि वर मोकळी जागा लागते. किती, ते माहितीपुस्तिकेत असतं. बिल्ट-इनमध्ये हवा खालच्या जाळीतून शिरते, पाठीमागून चढते आणि माथ्यावरून निघते. बाजू कपाटाला भिडल्या तरी बिघडत नाही, पण ही वाट बुजता कामा नये. साधारण २०० चौरस सेंटीमीटर तरी मोकळी हवी. वरची फट वाईट दिसते म्हणून मिस्त्री तिथे पट्टी मारतो, आणि मे महिन्यात फ्रिज थंडच होत नाही म्हणून तक्रार सुरू होते. सोलापूरचा पारा तेव्हा ४२-४३ अंशांच्या घरात असतो. म्हणूनच लेबलवरचा हवामान वर्ग, म्हणजे भोवतालच्या किती तापमानापर्यंत फ्रिज नीट चालतो ते, वाचावा : ‘एसटी’ ३८ अंशांपर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. आपल्याकडे ‘टी’च घ्यावा.

मापांतही दोघांचं जमत नाही. बिल्ट-इनचा प्रचलित खण ५६० मिलिमीटर रुंद असतो. साधा डबल डोअर बहुधा त्याहून रुंदच, म्हणजे तो आत जाणारच नाही. उलट साध्याच्या खणात बिल्ट-इन ठेवला तर त्याच्या उघड्या, ओबडधोबड बाजू दिसत राहतील. माप जुन्या फ्रिजचं नको, खणाचं घ्या. वर, मध्ये, खाली, आणि सगळ्यांत कमी येईल ते धरा. तेही मिलिमीटरमध्ये. इंच-सुताच्या हिशेबात मिस्त्री ‘बावीस इंच’ म्हणून मोकळा होतो, पण ते ५५९ सुद्धा भरत नाहीत, आणि त्या जेमतेम मिलिमीटरभरासाठी फ्रिज खणाच्या तोंडाशी अडू शकतो.

बिल्ट-इनच्या जागी बिल्ट-इनच आणायचा असेल तर बिजागऱ्या आधी बघा. दुकानदार हे सहसा विचारत नाही. एका प्रकारात कपाटाचा पल्ला थेट फ्रिजच्या दारावर पक्का केलेला असतो. पल्ल्याचं सगळं वजन फ्रिजच्या बिजागऱ्या पेलतात. दुसऱ्यात पल्ल्याला स्वतःच्या बिजागऱ्या असतात आणि फ्रिजचं दार त्याला सरकत्या पट्टीने जोडलेलं असतं. दार उघडून आत बघितलं की पट्टी सरकताना दिसते. प्रकार बदलला की पल्ल्याची भोकं, कधी कधी पल्लाच बदलावा लागतो. सनमायकाचा तोच रंग दोन वर्षांनी मिळाला तर नशीब.

प्लग पॉइंट फ्रिजच्या मागे नको, शेजारच्या कपाटात हवा. दुरुस्तीला आलेल्या माणसाला फ्रिज न ओढता वीज बंद करता येते.