एसएमपीएसचे वॅट आणि यूपीएसचे व्हीए

भाच्याचा नवा कॉम्प्युटर जोडून पंधरा दिवसही झाले नव्हते. एका संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, लाईट गेली आणि यूपीएस असूनही मशीन फटकन बंद पडलं. यूपीएस खराब निघाला वाटतं."

यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर मशीन चालू ठेवणारा डबा, खराब नव्हता. दुकानात त्याला सांगितलं होतं की एसएमपीएस ६५० चा आहे, तर ६०० चा यूपीएस जवळपास जुळतो. दोन खोकी शेजारी ठेवली की आकडे खरंच जुळल्यासारखे दिसतात. पण एसएमपीएसवरचा आकडा वॅटचा असतो आणि यूपीएसवरचा व्हीएचा, म्हणजे व्होल्ट-अँपिअरचा. ही गल्लत मी इतक्या घरांत पाहिली आहे की एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

आधी एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पंखा असलेला पत्र्याचा डबा. तो भिंतीतून २३० व्होल्टचा एसी घेतो आणि आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी पुरवतो. त्याच्यावर ६५० वॅट लिहिलेलं असतं ते आतल्या बाजूला तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो ना, तसंच हे. मंजूर भार ३ किलोवॅट आहे म्हणून घर दिवसभर ३ किलोवॅट ओढत बसत नाही. पंखा आणि दोन दिवे चालू असतील तर तेवढ्याचंच मीटर फिरतं. मोठा एसएमपीएस घेतला म्हणून लाईट बिल वाढेल ही भीती त्यामुळे सोडून द्या. मशीनला लागेल तेवढंच तो घेतो.

लागतं किती, हे भाच्याच्याच मशीनवर मोजू. प्रोसेसर रायझन ५ ७६००; त्याच्यावर ६५ वॅट लिहिलेले असले तरी जोर लागला की तो ८८ वॅटपर्यंत जातो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, २०० वॅटचं. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून साधारण ५० धरा. झाले सुमारे ३४०. मग ४०० चा डबा का चालू नये? त्याची चिप बनवणारी कंपनी एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० का सुचवते?

कारण ग्राफिक्स कार्डाची भूक सरळ रेषेत चालत नाही. गेममध्ये एखादं भारी दृश्य आलं की कार्ड क्षणभर, सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरतं, आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळी घेतं. ती उसळी पेलली नाही की एसएमपीएसमधलं संरक्षण मशीन बंद करतं, आणि माणूस विंडोजला दोष देत बसतो. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात तर मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत झेलावा अशी अटच आहे. उसळ्यांसाठी राखलेली ही जागा वाया जात नाही. शिवाय अर्ध्याच्या आसपास भारावर एसएमपीएस सर्वांत कार्यक्षम चालतो आणि पंखाही शांत राहतो. अर्थात ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, टॅलीपुरत्या किंवा अभ्यासापुरत्या मशीनला हे लागू नाही. तिथे चांगला ४५० सुद्धा भरपूर झाला.

'चांगला' हा शब्द मात्र इथे महत्त्वाचा. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एका डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० छापलेलं होतं. मी तो उलटा करून बारीक अक्षरांतला तक्ता वाचला. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे तुमच्या उपयोगाचा आकडा तो १९२. प्रामाणिक ६५० वॅटच्या डब्यावर त्याच रकान्यात ५४ अँपिअरच्या आसपास सापडतं, म्हणजे ६४८ वॅट. दुकानात उभे असतानाच हा गुणाकार करा. मोठ्या अक्षरांतल्या आकड्यापेक्षा माझा विश्वास या तक्त्यावर जास्त आहे.

आता यूपीएस. व्होल्टला अँपिअरने गुणलं की व्हीए मिळतात. मग वॅट वेगळे कशाला? मार्केट यार्डात पोतं काट्यावर चढतं तेव्हा मालाबरोबर बारदानाचंही वजन भरतं. पैसे मालाचे मिळतात, पण हमालाच्या पाठीवर भार बारदानासकट असतो. वॅट म्हणजे माल, प्रत्यक्ष काम करणारी वीज. व्हीए म्हणजे बारदानासकट भार, जो तारांना आणि यूपीएसला वाहावा लागतो. या दोघांच्या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात.

जुने एसएमपीएस वीज सलग घेत नसत, एसीच्या प्रत्येक लाटेच्या माथ्यावर हिसका मारून घेत. त्यांचा पॉवर फॅक्टर ०.६ ते ०.६५ एवढाच असे. म्हणजे २०० वॅटच्या कामासाठी साधारण ३३० व्हीएचा भार. आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं, ज्याला अॅक्टिव्ह पीएफसी म्हणतात. त्याचा पॉवर फॅक्टर ०.९५ च्या वर जातो आणि तेच २०० वॅट २१० व्हीएच्या आत भागतात. बारदान जवळजवळ गेलंच.

मग नव्या एसएमपीएसला ६०० व्हीएच्या यूपीएसमधून ६०० वॅट मिळतील असं वाटेल. इथेच माणूस फसतो. घरगुती यूपीएसला व्हीएची एक मर्यादा असते आणि वॅटची दुसरी, आणि जी आधी गाठली जाईल तिथे तो थांबतो. आपल्याकडे सर्रास विकला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचा असतो. ११०० व्हीएचा घेतला तर ६६० वॅट. दोन्हींचं गुणोत्तर ०.६. एसएमपीएस सुधारला म्हणून यूपीएसमधले ३६० चे ६०० होत नाहीत. त्यामुळे आजच्या मशीनसाठी यूपीएस घेताना व्हीए बाजूला ठेवा आणि मागच्या पट्टीवर बारीक छापलेले वॅट वाचा.

भाच्याचा हिशेब आता उलगडतो. आत ३४० वॅट लागतात. एसएमपीएसची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर भिंतीतून ३७८ घ्यावे लागतात, उरलेले उष्णता होऊन जातात. त्यात मॉनिटरचे ३० मिळवले की ४०८. यूपीएसची ताकद ३६०. लाईट होती तोवर वीज यूपीएसमधून नुसती पुढे जात होती. ती गेल्यावर आतला रिले, म्हणजे आपोआप पालटणारा स्विच, टक् करून बॅटरीवर सरकला, भार जास्त दिसला आणि यूपीएसने हात वर केले. गेम चालू नसता तर बहुधा काहीच घडलं नसतं, कारण नुसत्या ब्राउझिंगला तेच मशीन शंभरच्या आतबाहेर घेतं.

यावरून ६५० वॅटच्या एसएमपीएसला ६५० वॅटचा यूपीएस लागतोच असंही समजू नका. एसएमपीएस निवडायचा तो सर्वांत वाईट क्षणासाठी. यूपीएस निवडायचा तो भिंतीतून प्रत्यक्ष जाणाऱ्या वॅटसाठी, वर पाव हिस्सा सवड ठेवून. त्याच ६५० च्या डब्यावर ग्राफिक्स कार्डाविना ८० वॅटचं मशीन चालत असेल, तर ६०० व्हीएचा यूपीएस त्याला खुशाल सांभाळेल.

किती वेळ सांभाळेल, हे मात्र ना वॅट सांगतात ना व्हीए. ते बॅटरीवर ठरतं. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. तिच्यातून ३६० वॅट ओढले तर ३० अँपिअरहून जास्त प्रवाह जातो, आणि इतक्या घाईने उपसलेली लेड-अॅसिड बॅटरी कागदावरच्या निम्मीही हाती लागत नाही. फाईल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात, तेवढीच धरून चाला.

एक अडचण आकड्यांच्या बाहेरची आहे. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की गुळगुळीत लाट देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. अॅक्टिव्ह पीएफसीवाले काही एसएमपीएस त्या लाटेवर बिथरतात आणि वॅट पुरेसे असूनही मशीन बंद पडतं. तसं होत असेल तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाट देणारा यूपीएस घ्यावा लागतो. महाग पडतो, पण खात्रीचा उपाय तोच. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावला असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते आजच पाहा. वीज तुटल्यावर एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेच्या जोरावर मोठ्या भारात साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमधला इन्व्हर्टर बॅटरीवर सरकायला पुष्कळदा त्याहून जास्त वेळ लावतो.

भाच्याला ११०० व्हीएचा, ६६० वॅटचा यूपीएस घ्यायला लावला. लेझर प्रिंटर त्याच्यावरून काढून थेट भिंतीत दिला, कारण तापताना तो एकटाच शेकडो वॅट खातो. मग सगळ्या फायली सेव्ह केल्या, सर्वांत भारी गेम सुरू केला आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटण मीच बंद केलं. टक् झालं, बीप सुरू झाली, पडद्यावरची गाडी धावतच राहिली. यूपीएसच्या डिस्प्लेवर भार ३९० वॅट दिसत होता.