निवडणूक याचिका: कोण दाखल करू शकतो, किती दिवसांत, कोणत्या कागदपत्रांसह

लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत गैरप्रकार झाला, असे एखाद्या उमेदवाराला किंवा मतदाराला वाटत असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९ (ख) नुसार त्याच्यापुढे एकच मार्ग असतो, तो म्हणजे निवडणूक याचिका. उमेदवारी अर्ज चुकीने फेटाळला गेला, तरी मतदान होण्यापूर्वी त्याविरुद्ध रिट याचिका (उच्च न्यायालयात थेट दाद मागणारी याचिका) चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये पोन्नुस्वामी खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे अधिसूचनेपासून निकालापर्यंतच्या सगळ्या तक्रारी शेवटी या एकाच कागदात याव्या लागतात, आणि तो कागद तयार करणे हे निवडणुकीच्या शुचितेसाठी वकील करू शकेल असे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. तक्रार खरी असूनही केवळ मसुदा कच्चा राहिल्यामुळे याचिका साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचत नाही, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८१ नुसार त्या निवडणुकीतील कोणताही उमेदवार किंवा त्या मतदारसंघातील कोणताही मतदार याचिका दाखल करू शकतो. मतदाराने प्रत्यक्ष मतदान केलेले असलेच पाहिजे असे नाही. मतदानाचा हक्क असणे पुरेसे आहे. याचिका संबंधित राज्याच्या उच्च न्यायालयातच दाखल होते. महाराष्ट्रात आपला जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोणत्या पीठाकडे येतो, याची खात्री आधीच करून घ्यावी.

मुदत विजयी उमेदवाराच्या निवडीच्या तारखेपासून ४५ दिवसांची आहे. इतर दाव्यांमध्ये विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो, तसा येथे करता येत नाही. शेचाळिसाव्या दिवशी आणलेली याचिका कितीही भक्कम असली तरी निरुपयोगी ठरते. शिवाय याचिका सादर करताना याचिकाकर्त्याने स्वतः हजर राहावे लागते. केवळ वकिलाने ती प्रबंधक कार्यालयात नेऊन दिली तर ते पुरेसे नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निर्णय आहे. वकीलपत्र दिले म्हणजे आपले काम संपले, ही समजूत या प्रक्रियेत महागात पडते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे कारणे. ती कलम १०० मध्ये दिली आहेत: विजयी उमेदवार अपात्र असणे, कोणाचा तरी उमेदवारी अर्ज गैररीत्या फेटाळला जाणे, स्वतः उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी भ्रष्ट आचरण करणे, किंवा अर्ज चुकीने स्वीकारल्यामुळे, मते चुकीने मोजल्यामुळे अथवा कायद्याचे पालन न झाल्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम होणे. भ्रष्ट आचरणांची यादी कलम १२३ मध्ये आहे. लाचलुचपत, दडपण, धर्म किंवा जातीच्या नावाने मते मागणे, मर्यादेबाहेर खर्च करणे, सरकारी कर्मचाऱ्यांची मदत घेणे हे प्रकार तीत येतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील निवड रद्द ठरवली, ती सरकारी अधिकाऱ्यांच्या मदतीच्या मुद्द्यावरच. पराभूत उमेदवार राजनारायण यांच्या वतीने शांतिभूषण यांनी तो खटला लढवला होता.

भ्रष्ट आचरणाचा आरोप फौजदारी आरोपाइतक्याच काटेकोरपणे सिद्ध करावा लागतो. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांचा पराभव केला, तेव्हा त्या निवडीला एका मतदाराने आव्हान दिले होते. ‘मराठा’ दैनिकातील पाटील यांच्याविरुद्धच्या मजकुराला फर्नांडिस यांची संमती होती, हे सिद्ध न झाल्याने निवड कायम राहिली. त्याच १९६९ च्या निकालात न्यायालयाने मूलभूत तथ्ये (ज्यांवर आरोप उभा राहतो त्या गोष्टी) आणि त्यांचा तपशील यांतील फरक सांगितला, आणि तो आजही प्रत्येक मसुद्याला लागू आहे. दिलेल्या आरोपाचा तपशील नंतर सुधारता येतो, पण जो आरोपच मूळ याचिकेत नाही, तो मुदत संपल्यावर दुरुस्तीच्या नावाखाली जोडता येत नाही. ‘मतदारसंघात सर्वत्र पैसे वाटले गेले’ या वाक्याला म्हणूनच काही किंमत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, किती रक्कम दिली आणि त्याला उमेदवाराची संमती होती हे कशावरून, हे सगळे लिहावे लागते.

कागदपत्रांत पहिली गोष्ट म्हणजे मूळ याचिका, तिच्यावर याचिकाकर्त्याची सही आणि सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचे लेखी कथन. जोडलेल्या प्रत्येक परिशिष्टावरही तशीच सही आणि सत्यापन हवे. प्रतिवादी जितके, तितक्या प्रती जोडाव्यात आणि प्रत्येक प्रतीवर ती सत्यप्रत असल्याचे याचिकाकर्त्याने स्वतःच्या सहीने नमूद करावे. भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर फॉर्म २५ मधील प्रतिज्ञापत्र लागते. त्यातील उणीव सुधारता येते, असे २०१३ च्या निर्णयाने मान्य केले असले तरी त्यावर विसंबून राहू नये. खर्चाच्या हमीपोटी २,००० रुपये उच्च न्यायालयात भरून त्याची पावती जोडावी. विजयी उमेदवाराऐवजी स्वतःला किंवा दुसऱ्या कोणाला निवडून आल्याचे घोषित करावे अशी मागणी असेल, तर रिंगणातील सर्व उमेदवारांना प्रतिवादी करावे लागते. ज्याच्यावर भ्रष्ट आचरणाचा आरोप आहे अशा उमेदवारालाही वगळता येत नाही. कलम ८१ (याचिका सादर करणे), ८२ (प्रतिवादी) किंवा ११७ (खर्चाची हमी) चे पालन झाले नाही, तर कलम ८६ नुसार याचिका फेटाळण्यावाचून न्यायालयाला पर्याय राहत नाही.

ध्वनिफीत, चित्रफीत किंवा मोबाइलमधील पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र, म्हणजे तो पुरावा कोणत्या उपकरणातून कसा घेतला हे सांगणारे प्रमाणपत्र, लागते. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला या बाबतीत प्रत्येकाने वाचण्याजोगा आहे. २९६ मतांनी लागलेल्या त्या निकालात विजयी उमेदवाराचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाल्याचा आरोप होता आणि तो दाखवणारी चित्रफीत निवडणूक कार्यालयाचीच होती. पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, तेव्हाच्या पुराव्याच्या कायद्याखाली, प्रमाणपत्र अनिवार्यच ठरवले, मात्र पक्षकाराने ते मिळवण्याचा सर्व प्रयत्न केला होता हे पाहून आणि इतर पुरावाही पुरेसा असल्याने निवड रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. प्रमाणपत्रासाठी केलेल्या प्रत्येक लेखी अर्जाची पोच जपून ठेवायची, ती यासाठी.

याच कारणाने वकिलाला निकालानंतर नव्हे, मतदानापूर्वीच सोबत घ्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मतदान केंद्रावरील प्रतिनिधीला मिळणारी फॉर्म १७ सी ची (केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाची) प्रत आणि मतमोजणीच्या दिवशी त्या केंद्रापुढे दिसणारा आकडा यांची तुलना तिथल्या तिथे झाली पाहिजे. फेरमोजणीचा लेखी, सकारण अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे निकाल घोषित होण्यापूर्वीच द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या आदेशानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के मतदान यंत्रांच्या तपासणीची मागणी निकालापासून सात दिवसांत, शुल्क भरून, करता येते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा लागू होतो. तेथे १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे जावे लागते.

याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. जालन्याच्या प्रकरणात अंतिम निर्णय येईपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून गेली होती. उच्च न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. एक गोष्ट वकिलाने पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगावी: दाखल केलेली याचिका न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी त्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होऊन १४ दिवसांच्या आत त्या मतदारसंघातील दुसरा कोणताही मतदार याचिकाकर्त्याच्या जागी उभा राहण्यासाठी अर्ज करू शकतो.